जुन्या पिकअपचे मार्कर दिवे मिणमिणतात, फ्यूज उडतो: बल्ब बदलण्याआधी अर्थिंग तपासा

गाडी २००९ सालची पिकअप, १२ व्होल्टची. सोलापूरच्या मार्केट यार्डातला कांदा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या चादरी-टॉवेलच्या गाठी, हंगामात मंगळवेढ्याकडची ज्वारी, मिळेल ते भाडं मारतो. सलग दोन हिवाळे या गाडीच्या बाजूच्या आणि मागच्या दिव्यांनी मला फार छळलं. दुरुस्ती होऊन आता वर्ष झालं आणि या काळात एकही बल्ब गेलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. जुन्या गाडीच्या हौद्याला ज्यांनी वेगळे मार्कर, म्हणजे अंधारात गाडीच्या कडा दाखवणारे छोटे दिवे, लावलेत किंवा लावायचा विचार चाललाय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

दिवे का लावले ते आधी सांगतो. कारखाने सुरू झाले की मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा, कुठल्याही रस्त्याने जा, रात्री उसाच्या जोड ट्रॉल्या असतातच. कित्येकांना मागे दिवा नाही, रेडियम नाही. एका रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर आला आणि तो गेल्यावर माझ्या पुढ्यात एकदम ऊसच उभा होता. ब्रेक लागला, गाडी थांबली, तेव्हा ट्रॉलीतून लोंबणारी वाढ्यांची पानं माझ्या काचेला घासत होती. हातपाय बराच वेळ थरथरत होते. घरी येऊन ठरवलं की आपली गाडी तरी कुणाला अशी अचानक दिसता कामा नये. दुसऱ्या आठवड्यात हौद्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पिवळे आणि केबिनवर समोर दोन पांढरे असे आठ दिवे बसवून घेतले. सगळे ५ वॉटचे बल्ब.

महिनाभर झकास चाललं. मग सुरू झालं ते असं.

डाव्या बाजूचे दिवे उजव्यापेक्षा मंद दिसू लागले. डावा इंडिकेटर दिला की डावे मार्करही त्याच्या तालावर कमी-जास्त व्हायचे. ब्रेक दाबला की आणखी मंद. सगळ्यात विचित्र म्हणजे, दिवसा दिवे बंद असताना खडबडीत रस्त्यावर ब्रेक दाबला तर डॅशबोर्डचे दिवे मधूनच उजळायचे. आणि पंधरा-वीस दिवसांतून एकदा पार्किंगचा फ्यूज उडायचा, बहुतेक वेळा माल उतरवून झाल्यावर. फ्यूज उडाला की मार्कर गेले, टेललाइट गेली, नंबर प्लेटचा दिवा गेला, सगळंच अंधारात.

या लक्षणांवर मी जे उपाय केले ते आधी सांगतो, कारण बहुतेक जण हेच करतात. बल्ब बदलले. होल्डर बदलले. मग कुणीतरी म्हणालं एलईडी टाका, म्हणून बाजूचे सहाही दिवे एलईडीचे केले. त्याने दोष गेला नाही, उलट जास्त दिसायला लागला. एलईडीला उजळायला अगदी थोडा करंट पुरतो. साध्या बल्बची तार ज्या गळतीवर लालसुद्धा होत नाही, तेवढ्यावर एलईडी मिणमिणते. आता ब्रेक दाबला की दिवे बंद असतानाही उजवीकडचे पिवळे एलईडी लुकलुकायचे. मागून येणारा ड्रायव्हर काय समजणार?

फ्यूजच्या बाबतीत मात्र माझ्याकडून मोठी चूक झाली. रात्री टेंभुर्णीजवळ फ्यूज गेला, जवळ साडेसातचा नव्हता, म्हणून १५ अँपिअरचा घातला आणि तसाच घरी आलो. फ्यूज टिकला. सकाळी पाहिलं तर केबिनच्या मागे वायरीचं वेष्टण वितळून एकमेकांना चिकटलं होतं. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा घातला की फ्यूजच्या जागी वायर जळते, आणि वायरीशेजारी डिझेलची नळी असते. मी लोकांना हात जोडून सांगतो, वाटेत फ्यूज मिळाला नाही तर गाडी ढाब्यावर लावा, सकाळी निघा. मोठा फ्यूज घालू नका, आणि सिगारेटच्या पाकिटाची चांदी तर मुळीच नको.

शेवटी अशोक चौकाकडच्या एका वयस्कर वायरमनकडे गेलो. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. मी बल्बची पिशवी पुढे केली तर त्यांनी ती बाजूला ठेवली. म्हणाले, "मालक, बल्बाला कशाला बोल लावताय? त्याच्याकडं करंट येतोय बघा. पण परतायला वाट कुठंय त्याला?"

मग त्यांनी एक लांब वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरायला मला सांगितलं, दुसरं टोक घेऊन मागे गेले आणि डाव्या टेललाइटच्या पत्र्याला टेकवलं. दिवे चालू होते. संध्याकाळची वेळ, गॅरेजच्या भिंतीवर डाव्या बाजूचा अंधुक पिवळा डाग पडला होता. वायर टेकली आणि तो डाग एकदम मोठा, स्वच्छ झाला. वायर काढली की पुन्हा मळकट. दोन-तीन वेळा करून दाखवलं. दीड वर्ष मी ज्याच्या मागे होतो ते दीड मिनिटात भिंतीवर दिसलं.

त्याचं कारण असं. दिव्याला दोन वायरी लागतात, पण गाडीत एकच दिसते, कारण परतीच्या वायरीचं काम गाडीचा पत्रा करतो. या परतीच्या वाटेलाच अर्थ (अर्थिंग) म्हणतात. बॅटरीची निगेटिव्ह चॅसीला जोडलेली असते, दिव्याचा पत्रा हौद्याला, हौदा चॅसीला. जुन्या पिकअपला हौदा मागाहून बांधून घेतलेला असतो, तो लाकडी किंवा रबरी पट्ट्यांवर बसतो आणि चॅसीला फक्त बोल्टांनी धरलेला असतो. ते बोल्ट गंजले, मधे रंग आला, की परतीची वाट अरुंद होते. शेतीतली माणसं पटकन ओळखतील: शेवटची चारी तुंबली की पाणी थांबत नाही, शेजारच्या रानात शिरतं. करंटचंही तसंच. डावीकडे ब्रेकचा २१ वॉटचा बल्ब पेटला, त्याचा करंट हौद्याच्या पत्र्यात आला, तिथून चॅसीत जायला वाट नाही, मग तो डाव्या टेललाइटच्या बल्बमधून उलटा पार्किंगच्या वायरीत घुसतो. त्या वायरीवर डॅशबोर्डचे दिवे आहेत, उजवे मार्कर आहेत. त्यांची अर्थ चांगली, म्हणून ते पेटतात. खडबडीत रस्त्यावर हे जास्त व्हायचं, कारण सैल बोल्ट तिथे पूर्णच सुटत होता.

नंतर मी स्वतः मीटर घेतला. दोनशे-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. कसं मोजायचं ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. दिवे चालू ठेवा, इंजिन बंद. मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच धरा, वायर पुरत नसेल तर तुकडा जोडून लांब करा. लाल पिन आधी दिव्याच्या गरम, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीला लावा. माझ्याकडे १२.२ आले, म्हणजे येणारा करंट व्यवस्थित. आता लाल पिन त्याच दिव्याच्या पत्र्याला, अर्थच्या बोल्टला लावा. इथे जवळजवळ शून्य यायला हवं. ०.१, फार तर ०.२. माझ्याकडे डावीकडे २.८ आले. बायकोला ब्रेक दाबायला सांगितलं तर ५ च्या आसपास गेले. बाराऐवजी दिव्याला जेमतेम साडेनऊ मिळत होते, ब्रेकच्या वेळी सात. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, फार वेगाने पडतो. बाराचे दहा झाले तरी उजेड जवळजवळ निम्मा होतो.

एक सावधगिरी: ही मोजणी दिवे चालू असतानाच करायची. बरेच जण दिवा काढून, मीटर कंटिन्युइटीवर ठेवून "टी" असा आवाज आला की अर्थ चांगली म्हणतात. वायरीची एक बारीक काडी जोडलेली असली तरी तो आवाज येतो. भार पडल्यावरच खरं कळतं.

डाव्या टेललाइटमागचा अर्थचा बोल्ट खोलला. दहा नंबरचा पाना दोनदा घसरला, मग व्हाइस ग्रिपने निघाला. लगखाली (लग म्हणजे वायरीच्या टोकाची बोल्टात अडकणारी धातूची कडी) रंगाचे तीन थर: वर आत्ताचा पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली विटकरी प्रायमर. म्हणजे हौदा दोनदा रंगवला आणि दोन्ही वेळा लग रंगावरच आवळला. लगवर हिरवट-पांढरी भुकटी साचली होती, नखाने खरवडली तर वायरीच्या तांब्याच्या काड्या तुटून हातात आल्या, काळ्या पडलेल्या. आमच्या हौद्यात डिसेंबर-जानेवारीत कांदा असतो. सोलापुरात त्या दिवसांत आवक एवढी असते की रात्रभर यार्डात रांगेत उभं राहावं लागतं. गोणीतला एखादा कांदा सडला की त्याचं पाणी फळीतून झिरपून बरोब्बर मागच्या कोपऱ्यात उतरतं. वर वॉशिंग सेंटरचा प्रेशर. तिथे दुसरं काय होणार?

दुरुस्ती अशी केली. बोल्टाभोवती रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढला. नवा तांब्याचा लग वायरीवर दाबून बसवला, वर झाळून घेतला. लग आणि पत्रा यांच्यामध्ये दातेरी वॉशर, म्हणजे तो धातूत रुततो. घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली आणि मग रंगाचा हात. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आवळायचं, मग रंग.

पण मी एवढ्यावर थांबलो नाही आणि तुम्हीही थांबू नका. पत्र्याच्या भरवशावर राहायचंच कशाला? डावीकडच्या सगळ्या दिव्यांची अर्थ एका काळ्या वायरीत गोळा केली, उजवीकडची दुसऱ्या वायरीत, दोन्ही केबिनमागे चॅसीच्या एका स्वच्छ केलेल्या बोल्टावर आणल्या आणि त्या बोल्टापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जाड वायर ओढली. आता हौदा गंजू दे, रंगव, उतरव, दिव्यांना फरक पडत नाही. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत हेच एक काम खरं. त्यानंतर डावीकडे पत्र्यावर मोजले तर ०.०८.

वायर किती जाडीची? साधा हिशेब. आठ दिवे गुणिले ५ वॉट म्हणजे ४० वॉट, भागिले १२, म्हणजे ३.३ अँपिअर. १ चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरीत सहा मीटरला साधारण ०.१ ओहम अडथळा येतो, म्हणजे पाव-अर्धा व्होल्ट पडतो. चालतं. मला बसवून दिलेली वायर याच्या निम्म्या जाडीची होती, त्यात दुप्पट पडतो. मी दीड चौरस मिलीमीटरची टाकली. एलईडीवाल्यांना एवढी गरज नाही, १ वॉटचे आठ दिवे धरले तरी एक अँपिअरसुद्धा होत नाही, पण फार बारीक वायर हादऱ्याने तुटते, म्हणून १ च्या खाली जाऊ नका.

जादा दिव्यांसाठी रिले लावा, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. जुन्या गाडीत पार्किंगचा सगळा करंट स्टिअरिंगवरच्या स्विचमधून जातो, आणि त्यातल्या करंट जोडणाऱ्या पत्त्या मूळ दिव्यांपुरत्याच असतात. चाळीस वॉट वाढवले की त्या काळ्या पडतात. साध्या चार पिनांच्या रिलेवर आकडे असतात: ८६ ला पार्किंगची जुनी वायर, ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी नवी वायर, ८७ वरून मार्कर. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात असला पाहिजे. बल्ब असतील तर साडेसात, एलईडी असतील तर ५ अँपिअर. यात आणखी एक फायदा झाला: जादा दिव्यांची लाइन डॅशबोर्डपासून वेगळी पडली. त्यात काही बिघडलं तर मार्कर जातील, टेललाइट राहील.

आता फ्यूज उडण्याचं. अर्थ दुरुस्त झाल्यावरही तो एकदा उडाला, तेव्हा कळलं की दोष दोन होते. इथे अण्णांची युक्ती सांगतो, ती फ्यूजची डझनभर पाकिटं वाचवते. उडालेला फ्यूज काढायचा आणि त्या दोन खाचांमध्ये वायरी लावून २१ वॉटचा बल्ब जोडायचा. त्या लाइनवरचे सगळे दिवे काढून ठेवायचे. आता स्विच चालू केला आणि बल्ब पूर्ण पेटला, तर वायर कुठेतरी पत्र्याला लागलेली आहे. बल्ब करंट अडवून धरतो, त्यामुळे काही जळत नाही, आणि तुम्हाला निवांत शोधता येतं. मग एकेक ठिकाणी वायर हलवत जायचं. ज्या जागी हात लावल्यावर बल्ब विझतो, दोष तिथे.

माझा बल्ब पेटलाच नाही. केबिनखाली हलवलं, चॅसीच्या भोकात हलवलं, काही नाही. मग आठवलं, फ्यूज माल उतरवल्यावर उडतो. मागचा फाळका खाली सोडला आणि बल्ब लख्ख पेटला. नंबर प्लेटच्या दिव्याची वायर बिजागराजवळून गेली होती आणि फाळका पूर्ण खाली आला की बिजागराच्या कानात चिमटत होती. टेपखाली वेष्टण चिरलं होतं, तांबं उघडं. ती वायर बदलून लवचिक नळीतून नेली आणि बिजागराजवळ हातभर ढिलाई ठेवून वरच्या बाजूने वळवली. वायर जिथे पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी वायसर घातला. तेव्हापासून फ्यूज गेलेला नाही.

टेपबद्दल दोन शब्द. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्यावर हात ठेववत नाही. काळ्या टेपचा चिकटा त्यात पातळ होतो, टेप सरकतो, धूळ धरतो. जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह घाला, लायटरच्या आचेने आवळते. पिळून टेप मारलेला जोड एक उन्हाळा काढत नाही.

एलईडी सारख्या मरत असतील तर एकदा इंजिन चालू करून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.४ च्या आत ठीक. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बघून घ्या, नाहीतर दिव्यांबरोबर बॅटरीही जाईल. इंडिकेटरला एलईडी लावून तो भराभर पळत असेल, तर तो बिघाड नाही. भार कमी झाल्यामुळे जुन्या फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, बल्ब गेल्यासारखं वाटतं. एलईडीसाठीचा फ्लॅशर मिळतो, तो बसवा.

रंगांचं मात्र स्पष्ट सांगतो, कारण गड्ड्याच्या जत्रेला किंवा लग्नसराईत गाड्या सजवताना पोरं काहीही लावतात. बाजूला पिवळा, समोर पांढरा, मागे लाल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०८ प्रमाणे गाडीच्या पुढून लाल दिवा दिसता कामा नये, आणि मागे नंबर प्लेट, रिव्हर्स, इंडिकेटर असे ठरलेले अपवाद सोडले तर लालशिवाय दुसरा दिसता कामा नये. यामागे साधं कारण आहे: अंधारात रंगावरूनच कळतं की समोरची गाडी येतेय की जातेय. पुढे लाल पट्टी लावलेली गाडी लांबून पाठमोरी वाटते, आणि समोरचा ड्रायव्हर ओव्हरटेक करायला बाहेर पडतो. निळ्या-हिरव्या पट्ट्याही नकोच. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करावं लागतं, तिथे असे दिवे काढून घ्यायला लागतात ते वेगळं. दिव्यांबरोबर रेडियमची पट्टीही लावा, समोर पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. बॅटरी बसली तरी ती चमकते.

एक किरकोळ त्रास राहिला होता: डाव्या मागच्या मार्करच्या काचेत धुतल्यावर पाणी साचायचं आणि दोन दिवस दिवा धुरकट दिसायचा. मी सगळीकडून सिलिकॉन मारून पाहिलं, तर आत गेलेलं पाणी बाहेरच पडेना. अण्णांनी सिलिकॉन वरच्या तीन बाजूंनाच ठेवलं, खालच्या बाजूचं खरवडून काढलं आणि काचेच्या तळाला तीन मिलीमीटरचं भोक पाडलं. आता वॉशिंगहून निघालो की यार्डाच्या गेटपर्यंत त्यातून थेंब पडत राहतात आणि संध्याकाळी दिवा कोरडा असतो.